पाकोळ्यांची मनधरणी

सासू आणि जावई यांच्यावर जगात जेवढे विनोद आहेत, त्यांतला एकही माझ्या उपयोगाचा नाही. माझं दुखणं उलटं होतं. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या याचं मला दुःख नव्हतं. त्या जाणार होत्या, याचं होतं.

यात माझ्या मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. मी विनोद सांगितला की आमच्या घरात फक्त सासूबाई हसतात. बायको म्हणते, "हा झालाय." मुलगा फोनवर असला तर नेमका त्याच वेळी आवाज तुटायला लागतो. सासूबाई मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात आणि वर "पुन्हा सांगा" म्हणतात. नकाशे काढण्याच्या कचेरीत सगळी नोकरी झाली, पण "पुन्हा सांगा" हे शब्द मी तिथे फक्त चूक सापडल्यावर ऐकले. असा श्रोता कोण हातचा जाऊ देईल?

तर एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात थोरलीकडे जाईन म्हणते."

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. "का गं आई? इथे काही कमी आहे का?"

"कमी काही नाही. घर छान आहे, मोकळं आहे. पण कसं सांगू, दार सुनं वाटतं. माझ्या दारावर दरवर्षी पाकोळ्या असायच्या. सकाळी दार उघडलं की सूं करून डोक्यावरून जायच्या. दिवस उजाडला हे त्या सांगायच्या. इथे मला घड्याळात बघावं लागतं."

त्यांचं ते घर विकलं गेलं होतं. नव्या मालकाने रंग देताना सगळी घरटी खरवडून टाकली, हेही त्यांना कोणीतरी कळवलं होतं. असं कळवणारे लोक कुठून मिळतात कोण जाणे. आणि थोरली मेहुणी राहते शहरात, चौथ्या मजल्यावर. धूळ येते म्हणून तिच्या घराच्या खिडक्या उघडतच नाहीत.

स्वयंपाकघरात बायको मला हळूच म्हणाली, "ताईकडे तिचा जीव घुसमटेल. पण मी तिला थांब म्हणणार नाही. एक घर आधीच सुटलंय तिचं. आता जिथे जावंसं वाटेल तिथे जाऊ दे." असं म्हणून तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

मी म्हणालो, "पाकोळ्याच हव्यात ना? आणतो."

दही संपलंय, आणतो म्हणावं तसं मी हे म्हणालो. माणसाने असं काही बोलण्याआधी जरा बसून घ्यावं.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. पुढे शेतं, पलीकडे कालवा. रस्त्यावरच्या तारांवर पाकोळ्या रोज बसलेल्या असत. पाठ निळीकाळी, चकचकीत. डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी कात्रीसारखी उघडलेली. म्हणजे पाकोळ्या गावात होत्याच, फक्त आमच्या घराकडे पाठ करून बसायच्या. त्यांचं मन वळवायचं, एवढंच काम होतं. सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. त्यांना वाटावं की पाकोळ्या आपण होऊन आल्या. विचारलंच तर डासांचा बंदोबस्त चाललाय असं सांगायचं.

आमच्या शेजाऱ्यांना सगळा गाव सुपरवायझर म्हणतो. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बांधकामांवर देखरेख केली आणि निवृत्तीनंतरही ती सोडली नाही. हात मागे बांधून ते कुंपणाच्या भिंतीपाशी उभे राहतात आणि आपल्या अंगणात आपण काय करतोय ते आपल्यालाच विचारतात.

"काय शेजारी, काय चाललंय?"

"पाकोळ्या आणायच्यात घरात."

सुपरवायझर एक पाऊल मागे सरले. "घरात? मुद्दाम?"

"मुद्दाम. छपराखाली राहतील, पिल्लं घालतील."

"तुमची मर्जी," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्यांच्या मुलखात पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर मी वटवाघळं आणतोय हे सगळ्या गल्लीला कळलं होतं. समोरच्या शिक्षिकाबाईंनी जाळ्या बसवायला घेतल्या होत्या आणि दूधवाला दूध फाटकाबाहेर ठेवून पळत होता. मी गल्लीभर हिंडून खुलासा केला की हा पक्षी आहे, पुस्तकात याला भिंगरी म्हणतात. त्यावर दुकानदाराने मला एक प्लास्टिकची भिंगरी काढून दाखवली आणि लाल हवी की पिवळी, असं विचारलं.

वटवाघळांचा गैरसमज फिटल्यावर सुपरवायझर पश्चात्तापाने पेटून सल्ले देऊ लागले. ते म्हणाले, आधी घरट्यांची सोय करा, आयतं घर कोणाला नको? मला पटलं. मी कागद ताणून बसवला आणि घरट्याचा नकाशा काढला. समोरून, बाजूने, वरून, आणि मधोमध कापल्यावर कसं दिसेल तेही. बायको म्हणाली, "पाकोळ्यांना नकाशा वाचता येतो का?" मी तिकडे लक्ष दिलं नाही. नकाशा ही काय चीज आहे ते आमच्या घरात कोणाला कधी कळलंच नाही.

मातीची घरटी सुकताना तडकली. मग सिमेंटची केली. अर्ध्या वाडग्यासारखी तीन घरटी तयार झाली. बायको म्हणाली, "साबणदाण्या छान झाल्यात."

ती छपराखाली लावण्यासाठी सुपरवायझरांची शिडी आणली. शिडी त्यांची, म्हणून धरायलाही तेच आले.

"धरलीय ना?" मी वरून विचारलं.

"अहो, मी धरल्यावर इमारत हलत नाही, शिडी काय हलणार?"

तिसरं घरटं लावत असताना त्यांचा फोन वाजला. फोन खिशातून काढायला एक हात लागतो, कानाला लावायला दुसरा, हे मला तेव्हा उमगलं. शिडी एका बाजूला गेली आणि मी छपराच्या वाशाला लोंबकळत राहिलो. सुपरवायझर पाठ करून बोलण्यात गुंग. नेमका तेव्हाच दूधवाला आला. त्याने मान वर करून माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "दूध कुठे ठेवू?"

खाली उतरल्यावर मी माझ्या इभ्रतीची विचारपूस केली. तिला जास्त मार लागला होता.

पहिल्या घरट्यात गांधीलमाशा राहायला आल्या. दुसऱ्यात पाल. तिसरं एका दुपारी आपण होऊन खाली पडलं आणि ज्या कुंडीवर पडलं तीही फुटली. तारेवरच्या पाकोळ्या तशाच बसून होत्या. पाठ करूनच.

"चिखल लागतो त्यांना," सुपरवायझर भिंतीवरून म्हणाले. "बांधकाम म्हटलं की माल जवळ हवा. माल लांब असला की मजूर टिकत नाही."

मी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. साधा खड्डा नाही. अंडाकृती, एका बाजूला उतार, काठ रेखीव. पाणी मुरून जाऊ नये म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरलं. पाणी भरलं तर असं नितळ तळं झालं की सासूबाईसुद्धा काठावर खुर्ची टाकून बसल्या. मी खूश. नितळ तळ्यात चिखल नसतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. ते गल्लीतल्या बदकांच्या लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ती ओळीने फाटकातून आत यायला लागली.

बदकांच्या मागोमाग गावकचेरीतून आरोग्य निरीक्षक आले. वाकून त्यांनी तळ्याकडे पाहिलं.

"साचलेलं पाणी आहे."

"साचलेलं नाही," मी म्हणालो. "साचवलेलं आहे."

"मग तर जास्तच गंभीर," ते म्हणाले आणि उद्या कचेरीत या म्हणून सांगून गेले.

कचेरीत त्यांच्या खुर्चीमागे भलामोठा फलक होता. 'पक्ष्यांसाठी अंगणात पाणी ठेवा.' खाली याच कचेरीचं नाव. मी विजयी मुद्रेने तिकडे बोट दाखवलं. निरीक्षकांनी मान वळवून तो फलक पहिल्यांदाच पाहावा तसा पाहिला.

"ते भांड्यात," ते म्हणाले. "तुमचं ते भांडं नाही."

"मोठं भांडंच समजा."

"मग उचलून दाखवा."

तळं बुजवायचं, पाणी दिसता कामा नये, असा हुकूम घेऊन मी घरी आलो.

पण मी अजून हात टेकले नव्हते. मुलाने फोनवर नवी युक्ती सुचवली. पाकोळ्यांचा आवाज लावला की पाकोळ्यांना वाटतं, इथे वस्ती आहे, आपणही जावं. त्याने आवाज पाठवला. माझ्याकडे एक छोटा बिनतारी स्पीकर होता, तो मी छपराखाली बांधला. एक अख्खा दिवस आमच्या घरातून चिवचिव, किरकिर, टिकटिक असा आवाज येत राहिला. सासूबाई ओसरीत बसून लक्ष देऊन ऐकत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "जावईबापू, पंख्याला तेल घालायला हवं."

दुसऱ्या सकाळी मी आवाज लावायला फोन शोधत होतो. तेवढ्यात स्पीकर आपण होऊन बोलायला लागला. पाकोळीचा आवाज नव्हता. सुपरवायझरांचा होता.

हे कसं झालं ते सांगायला हवं. मागे कधीतरी भजनात फोनचाच माइक करायचा म्हणून सुपरवायझरांनी तो स्पीकर माझ्याकडून नेला होता. त्यांच्या फोनने ती ओळख आणि ते माइकचं काम, दोन्ही जपून ठेवलं होतं. आता ते त्यांच्या परसात उभे राहून कुठल्याशा नातेवाइकाशी गप्पा मारत होते आणि त्या गप्पा आमच्या छपराखालून सगळ्या गल्लीत चालल्या होत्या.

"शेजारी ना? माणूस बरा आहे रे," स्पीकर म्हणाला. "पण निवृत्तीनंतर जरा चळलाय. भिंतीला साबणदाण्या लावल्यात. परवा वाशाला लोंबकळत होता. मी शिडी धरली होती म्हणून वाचला."

मी ओसरीतच होतो, आणि हे काही मला सहन झालं नाही. "धरली नव्हती!" मी ओरडलो.

"कोण ओरडतंय बघ," स्पीकर म्हणाला. "तोच असणार."

समोरच्या शिक्षिकाबाई वही तपासता तपासता खिडकीत आल्या. दूधवाल्याने सायकल टेकवली. स्पीकर काढायला शिडी हवी होती आणि शिडी सुपरवायझरांकडे होती. मी खालून काठीने स्पीकरला ढोसत राहिलो.

"नाही रे, डासबीस काही नाही," स्पीकरचा आवाज उतरला. "सासू चाललीय त्याची. तिच्या जुन्या घरी पाकोळ्या होत्या म्हणे, इथे नाहीत, म्हणून मन रमत नाही तिचं. ती जाऊ नये म्हणून चाललाय हा सगळा खटाटोप. मला त्याच्या बायकोने सांगितलं. बिचारा. हसू पण येतं आणि वाईट पण वाटतं."

मी काठी खाली घेतली आणि मागे वळलो. दारात सासूबाई उभ्या होत्या.

जेवायला बसल्यावर त्यांनी माझ्या ताटाकडे पाहत म्हटलं, "जावईबापू, एवढं करू नका हो. पाकोळ्या अशा बोलावून येत नसतात. आणि मी काही रुसून चालले नाही."

"मी डासांसाठीच करत होतो," मी म्हणालो.

"हो, हो," त्या म्हणाल्या. "डास कमी झाले बरं का."

त्यानंतर मी सगळा बाडबिस्तरा आवरला. घरटी उतरवली, स्पीकर खणात टाकला. सुपरवायझर भिंतीपाशी फिरकेनासे झाले; आपलं बोलणं सगळ्या गल्लीने ऐकलं, हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. तळंही बुजवलं, पण मनापासून नाही. खालचं प्लास्टिक काढायचा मला कंटाळा आला, म्हणून वरूनच मातीच्या पाट्या ओतल्या. पाणी मुरायला जागा नाही, माती पुरेशी नाही, त्यामुळे तिथे चांगला मऊ, चिकट रबरबाट झाला. निरीक्षक आले. त्यांनी बुटाचं टोक घालून पाहिलं आणि बूट ओढून काढायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"पाणी नाही," ते म्हणाले. "चिखल आहे. चिखलाला आमची हरकत नाही."

सासूबाईंची बॅग भरली गेली. सोमवारी सकाळी गाडी यायची होती.

आणि त्याच आठवड्यात ओसरीत माती पडायला लागली. दाराशेजारी भिंतीवर लाकडी फळीला विजेचा मीटर आहे, बरोबर त्याच्या खाली. मुगाएवढे गोळे, काही ओले, काही सुके.

"जावईबापू, पाय धुवून येत जा," सासूबाई म्हणाल्या.

मी पाय धुवून येतो, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती. आता बायकोही बोलली. मी माझ्या चपला उलट्या करून दाखवल्या. पंचांसमोर पुरावा ठेवतात तशा. मग मी दूधवाल्यावर संशय घेतला, मग बदकांवर. शेवटी माती टाकणाऱ्याला पकडायचंच म्हणून ओसरीत खुर्ची टाकून बसलो. सासूबाई शेंगा सोलत शेजारी बसल्या होत्या. अचानक त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"श्श."

सूं करून काहीतरी आमच्या डोक्यांवरून गेलं. मीटरच्या डोक्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात, एक पाकोळी पंख फडफडवत टेकली. तिच्या चोचीत चिखलाचा गोळा होता. तो तिने तिथे चिकटवला, मानेने दोनदा दाबला आणि ती गेली. लगेच दुसरी आली. मीटरवर मातीचा एक अर्धवट कठडा उभा राहिला होता. माझ्या तिन्ही नमुन्यांपेक्षा कितीतरी बेढब. समोरून, बाजूने, कुठूनच बरोबर नव्हता.

बायको ओल्या हातांनी बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. हातांचं पाणी फरशीवर टपटपत होतं, पण तिला कोणी काही म्हटलं नाही.

"माझ्याकडेही अशाच यायच्या," सासूबाई म्हणाल्या. "चुकूनसुद्धा नीट जागी नाहीत. बाहेरच्या दिव्यावर बांधायच्या. आम्ही महिनोन् महिने दिवा लावायचो नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "डोळे भरून बघून घेतलं. आता सुखाने जाईन."

माझी पाकोळ्यांची योजना यशस्वी झाली होती आणि तिचा काहीही उपयोग झाला नव्हता. असा अनुभव मला सरकारी नोकरीत होता, घरी नव्हता.

सोमवार उजाडला. सासूबाई प्रवासाचे कपडे करून बॅग शेजारी घेऊन ओसरीत बसल्या. गाडीच्या आधी फाटकात दुसरीच गाडी थांबली. वीजमंडळाची. वायरमन आणि त्याचा जोडीदार शिडी घेऊन आत आले.

"मीटर बदलायचाय," वायरमन म्हणाला. "सगळ्या गावात नवे बसवतोय."

"आज नको," मी म्हणालो. "महिनाभराने या."

"आजच्या यादीत आहे हो. नाही बदलला तर खांबावरून वीज तोडून जायला सांगितलंय." त्याने वर पाहिलं. "ही घाण काय आहे? काढून टाकतो, काळजी करू नका."

तो शिडी टेकवणार, तोच सासूबाई उठल्या. आपली खुर्ची त्यांनी फरफटत आणली, बरोबर मीटरखाली ठेवली आणि त्यावर बसल्या.

"तोडा," त्या म्हणाल्या.

"काय तोडू, आजी?"

"वीज. घरट्याला हात लावायचा नाही."

"आई, अगं फ्रिज," बायको म्हणाली.

"फ्रिज यायच्या आधी आपण जेवत नव्हतो का?"

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. घरातला कर्ता पुरुष म्हणून मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा दिसली. मी कर्त्या पुरुषाला शोभेल असा गंभीर चेहरा करून आकाशाकडे पाहिलं. पाच मिनिटांत वीज गेली.

मागून भाड्याची गाडी आली. चालकाने बॅग उचलली. "निघायचं ना, आजी?"

"कशी निघू? मी उठले की हे शिडी लावतील," सासूबाई म्हणाल्या. "बॅग ठेव आत. यांचा निकाल लागला की सांगते."

मी त्याच दुपारी वीजमंडळाच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने माझी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "तक्रार कुठल्या प्रकारात घालू? मीटर जळाला, चोरीला गेला, जोरात पळतो, अजिबात पळत नाही."

"मीटरवर पक्षी आहे."

"असा प्रकार नाही."

"मग?"

"'इतर' मध्ये घालतो. पण 'इतर' असलं की साहेबांना स्वतः येऊन पाहावं लागतं. आणि साहेब 'इतर' सगळ्यात शेवटी बघतात."

घरी आलो तर भिंतीपाशी सुपरवायझर उभे. स्पीकरच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. हातात वायरचं भेंडोळं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही घ्या. आमच्याकडून ओढा. फ्रिज आणि एक दिवा चालेल. मिक्सर लावायचा असला की हाक मारा, आम्ही आमचा बंद करू." मग घसा खाकरून म्हणाले, "शिडी धरली नव्हती हे खरं आहे."

"वाचलो ना मी," मी म्हणालो. विषय तिथे संपला.

अंडी घातली गेली. सासूबाईंची खुर्ची मीटरखालून हलली नाही. सकाळी त्या पाकोळ्यांच्या आधी उठून बसू लागल्या. थोरल्या मेहुणीचा फोन आला की "पिल्लं बाहेर आली की येते" म्हणत. 'इतर' आपल्या गतीने वर सरकत होतं. साहेब आले तेव्हा कठड्यावरून चार उघड्या चोची बाहेर आल्या होत्या.

इंजिनिअरसाहेब तरुण होते आणि कडक दिसण्याची त्यांना अजून सवय व्हायची होती. आल्या आल्या त्यांची नजर भिंतीवरून येणाऱ्या वायरवर गेली. "ही वायर कसली?"

"कपडे वाळत घालायची," सुपरवायझर म्हणाले. बायकोने चपळाईने एक टॉवेल तिच्यावर टाकला.

साहेबांनी ते ऐकून घेतलं. "मीटर काढावाच लागेल. जुना मीटर भांडारात जमा झाल्याशिवाय नवा लावता येत नाही."

"जुना तिथेच ठेवा," सुपरवायझर म्हणाले. "फक्त जोड काढा. नवा दाराच्या दुसऱ्या बाजूला बसवा. एवढीशी वायर जास्त लागेल." त्यांचा हा सल्ला इतका सरळ होता की मला क्षणभर त्याचीच भीती वाटली.

"आणि जमा करण्याचं काय? मी काय लिहू?" साहेब म्हणाले. "मला प्रत्यक्ष पाहावं लागेल." त्यांनी स्वतः शिडी लावली. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, विचार केला आणि खुर्ची थोडी बाजूला घेतली. साहेब तीन पायऱ्या चढले. तेवढ्यात पाकोळी आली. सूं करून ती त्यांच्या कानाजवळून गेली, वळली आणि परत आली. मागून दुसरी. साहेब हात डोक्यावर धरून शिडीवर बसले, मग तसेच बसल्या बसल्या एकेक पायरी खाली आले. शिडी मात्र जराही हलली नाही. सुपरवायझरांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

साहेबांनी केस सारखे केले, फाईल उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "जुना मीटर सध्या काढून घेणं शक्य नाही. तो दुसऱ्यांच्या ताब्यात आहे." मग वर बघून हळूच विचारलं, "चार आहेत ना? मला तीनच दिसली."

"चार," सासूबाई म्हणाल्या. "एक मागे दबलंय. त्याला कमी मिळतं. पण ते ओरडतं जास्त."

संध्याकाळपर्यंत दाराच्या दुसऱ्या बाजूला नवा मीटर लागला.

पिल्लं उडायला शिकली तेव्हा गल्लीतले सगळे येऊन बघून गेले. मागे दबलेलं सगळ्यात शेवटी निघालं. दोन दिवस ते कठड्यावर बसून नुसतं ओरडलं. सासूबाई खालून त्याला दटावत होत्या. "अरे, जा की. किती दिवस बसणार?" तिसऱ्या दिवशी ते गेलं. त्या दिवशी ओसरी इतकी शांत झाली की मला बॅगेची आठवण झाली. बायकोलाही झाली असावी. ती दिवसभर माझ्याशी फार प्रेमाने बोलत होती.

दोन-चार दिवसांनी वायरमन आला. "घरटं रिकामं झालं ना? जुना मीटर न्यायला सांगितलंय."

"न्यायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पाकोळ्या याच घरट्यात परत येतात. जरा डागडुजी करतात, बस."

वायरमनने मान खाजवली. "माझं ठीक आहे हो, आजी. मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी माझी बदली झाली तर? नवा माणूस येईल, बंद मीटर दिसला की उपटून नेईल. त्याला कोण सांगणार?"

"मी सांगेन की," सासूबाई म्हणाल्या. "मी इथेच बसलेली असते."

चहा झालाय, असं सांगावं इतक्या सहज त्या हे म्हणाल्या. मी दाराकडे पाहिलं. दारात बायको होती, ती झटकन आत गेली. मी मागोमाग गेलो. नळ सोडून ती नुसतीच उभी होती, खाली भांडं नव्हतं.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"काही बोलू नका तिच्याशी. विचारू नका, खात्री करून घेऊ नका. नाहीतर तुम्ही नकाशा काढायला बसाल."

तेवढ्यात फोन वाजला. थोरली मेहुणी. मी फोन नेऊन सासूबाईंच्या हातात दिला आणि खांबाला टेकून, माझं तिकडे लक्षच नाही, असा उभा राहिलो.

"अगं, येईन की भेटायला," सासूबाई सांगत होत्या. "चार दिवस येईन... नाही, राहायला नाही. इथली कामं कोण बघणार?"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सासूबाईंनी आधी वायरमनकडे पाहिलं, मग वरच्या बंद मीटरकडे.

"कसली कामं म्हणजे?" त्या म्हणाल्या. "वीजमंडळाची."